जुगाराच्या व्यवहारावरचे ‘कॅश ॲडव्हान्स’ शुल्क कसे टाळावे

न्यू जर्सीसारख्या, ऑनलाइन सट्टा कायदेशीर असलेल्या अमेरिकी राज्यांत क्रेडिट कार्डाने सट्ट्याच्या खात्यात पैसे भरले, तर अनेक बँका तो व्यवहार खरेदी न मानता रोख उचल (‘कॅश ॲडव्हान्स’, म्हणजे कार्डावर रोख रक्कम काढणे) मानतात. जुगाराच्या व्यवसायांना दिलेला ७९९५ सारखा चार आकडी कोड बँकेला दिसतो आणि पुढचे सारे त्यावरून ठरते.

प्रथम कार्डाच्या करारातील शुल्कांच्या तक्त्यात ‘कॅश ॲडव्हान्स’ची ओळ शोधावी. ‘१० डॉलर किंवा ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते’ अशा धाटणीची अट तेथे बहुधा आढळते, आणि ती लहान रकमांना फारच जाचक ठरते: २५ डॉलर चार वेळा भरल्यास ४० डॉलर शुल्क पडते, तर १०० डॉलर एकदम भरल्यास १०. त्यावर व्याजाचा दरही सहसा चढा असतो आणि बिनव्याजी मुदत मिळत नसल्याने व्याजाची आकारणी लगेच सुरू होते. अशा खर्चावर बक्षीस-गुण मिळतील, ही आशाही सोडावी.

बँकेला फोन करून रोख उचलीची मर्यादा कमी करता येते का, हे विचारावे. व्यवहार होऊन गेलाच असेल, तर बिलाची वाट न पाहता किमान रकमेहून अधिक पैसे भरावेत, कारण अमेरिकेच्या २००९च्या क्रेडिट कार्ड कायद्यानुसार ही जादा रक्कम सर्वाधिक व्याजाच्या थकबाकीकडे आधी वळवावी लागते. आकारलेले शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही.