क्रमबद्ध ओळींचे प्रवाह गुंफणारा ऑपरेटर कसा लिहावा

डेटाबेसच्या क्वेरीत ऑर्डर बाय (निकाल क्रमाने मागणारा भाग) असेल आणि ओळी अनेक पार्टिशनांतून (एकाच टेबलाच्या वेगवेगळ्या ठेवलेल्या भागांतून) येत असतील, तर त्या सगळ्या एका जागी गोळा करून नव्याने क्रमवारी लावणे हा सर्वांत सरळ मार्ग असला, तरी तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो. प्रत्येक पार्टिशनवर क्रमाच्या स्तंभाचा बी-ट्री इंडेक्स (मूल्ये क्रमाने ठेवणारी सूची) असेल, तर तिथल्या ओळी मुळातच क्रमाने मिळतात आणि एक्झिक्युटरला (क्वेरी चालवणाऱ्या भागाला) हे तयार प्रवाह परस्परांत गुंफण्यापुरतेच काम उरते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे काम ‘मर्ज अपेंड’ हा नोड, म्हणजे प्लॅनमधला एक ऑपरेटर, करतो. तो २०११ साली ९.१ या आवृत्तीत आला. समांतर वर्करांकडून (एकाच क्वेरीचे भाग एकदम चालवणाऱ्या प्रक्रियांकडून) येणाऱ्या ओळींसाठी तिथे ‘गॅदर मर्ज’ आहे, तो २०१७ मधल्या १० व्या आवृत्तीपासून. मेमरीत न मावणारी क्रमवारी डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते, तेव्हा शेवटी ते तुकडे जोडण्याची रीतही हीच असते. असा ऑपरेटर लिहिताना हीपची (सर्वांत लहान घटक शिखरावर ठेवणाऱ्या झाडाची) रचना हा त्यातला सोपा भाग ठरतो. चुका होतात त्या तुलनेच्या नियमांत आणि ओळीच्या मालकीत (ती कोणाच्या मेमरीत व कधीपर्यंत राहते यात), म्हणून पुढील विवेचनाचा भर त्या दोहोंवर आहे.

कोड लिहिण्यापूर्वी गुंफणीची खरोखर गरज आहे का, हे तपासावे. पार्टिशन ज्या स्तंभावर पाडले आहेत त्याच स्तंभावर क्रम हवा असेल आणि त्यांच्या मर्यादा एकमेकींत शिरत नसतील, तर पार्टिशन योग्य क्रमाने एकामागून एक वाचले की काम होते आणि प्रवाहांमध्ये एकही तुलना लागत नाही. पोस्टग्रेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) १२ व्या आवृत्तीपासून ही सवलत घेतो.

गरज आहे असे ठरल्यावर रचना पुढीलप्रमाणे करावी. प्रत्येक उपप्रवाहाला एक क्रमांक आणि त्याची चालू ओळ धरणारा एक स्लॉट द्यावा. हीपमध्ये ओळी न ठेवता केवळ प्रवाहांचे क्रमांक ठेवावेत, म्हणजे हीपमधील हलवाहलव काही बाइटांपुरती मर्यादित राहते. पहिल्यांदा ‘नेक्स्ट’ची (पुढची ओळ मागणारी) हाक येईल तेव्हा प्रत्येक प्रवाहातून एक ओळ ओढावी, जो प्रवाह रिकामा निघेल तो हीपमध्ये घालूच नये, आणि सर्व क्रमांक जमल्यावर हीप एकदाच तळापासून वर बांधावी. एकेक क्रमांक घालत प्रत्येक वेळी हीप सावरत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडते. त्यानंतर शिखरावरच्या प्रवाहाची ओळ परत द्यावी.

समजा तीन प्रवाह आहेत: पहिल्यात ३, ९, १४, दुसऱ्यात ४, ९, तिसऱ्यात १, २०. पहिल्या हाकेला तिसऱ्या प्रवाहातील १ बाहेर जातो. दुसऱ्या हाकेला त्याच प्रवाहातून २० ओढला जातो, तो शिखरावर बसतो आणि खाली सरकतो, व ३ वर येतो. त्यानंतर ४ जातो. आता पहिल्या आणि दुसऱ्या प्रवाहांच्या तोंडाशी ९ आहेत; अशा बरोबरीत ज्याचा क्रमांक लहान तो आधी, असा नियम ठेवावा. मग एकच प्लॅन त्याच प्रवाहांवर पुन्हा चालवला तरी बरोबरीच्या ओळींचा क्रम बदलत नाही आणि चाचण्यांचे निकाल स्थिर राहतात. दुसरा प्रवाह ९ देऊन संपला की त्याला हीपमधून काढावे; उरलेले १४ आणि २० क्रमाने बाहेर पडतात. शिखर काढून टाकणे आणि नवा क्रमांक घालणे अशा दोन क्रिया करू नयेत. शिखराची जागा तशीच ठेवून तिथली ओळ बदलावी व एकदाच खाली सरकवावी.

या उदाहरणात एक गोष्ट मुद्दाम तशी ठेवली आहे. १ परत दिल्यावर तिसरा प्रवाह लगेच पुढे नेला नाही. तो पुढच्या हाकेला नेला. कोड सुटसुटीत दिसावा म्हणून ओळ देतानाच प्रवाह पुढे नेण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावा. वर दिलेली ओळ अनेकदा प्रत न करता स्लॉटमधूनच दिलेली असते. प्रवाह पुढे गेला की त्या स्लॉटवर नवी ओळ लिहिली जाते आणि वरच्या ऑपरेटरच्या हातात भलतीच ओळ राहते. ही चूक पूर्णांकांच्या स्तंभावर कदाचित दिसणारही नाही, कारण तिथे मूल्याची प्रत सहज होऊन जाते. लांब मजकुराच्या स्तंभावर मात्र ती हमखास उघडी पडते. दुसरे कारण खर्चाचे आहे. वर लिमिट (ठरावीक संख्येइतक्याच ओळी मागणारी अट) असेल तर शेवटच्या ओळीनंतरची ओळ कोणालाच नको असते, आणि ती ओढण्यासाठी खालच्या प्रवाहाला कदाचित हजारो ओळी गाळाव्या लागतील. पोस्टग्रेसच्या मर्ज अपेंडमध्येही प्रवाह पुढच्या हाकेलाच सरकतो.

तुलनेचा नियम असा, की प्रवाह ज्या तुलनेने क्रमबद्ध झाले आहेत तीच तुलना, तिच्या सर्व बारकाव्यांसह, गुंफताना वापरली पाहिजे. स्तंभांचा क्रम व प्रत्येकाची चढती-उतरती दिशा सहसा कोणी विसरत नाही. नल मूल्यांची (म्हणजे मूल्य नसलेल्या नोंदींची) जागा विसरली जाते. पोस्टग्रेस आणि ओरॅकल चढत्या क्रमात नल शेवटी ठेवतात, तर मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट ते आधी ठेवतात. दूरच्या सर्व्हरवरून येणारा प्रवाह वेगळ्या प्रणालीचा असेल, तर नल कुठे हवे हे क्वेरीत स्पष्ट लिहून पाठवावे. दशांश संख्यांमध्ये ‘नॅन’ला (‘ही संख्या नाही’ असे दाखवणाऱ्या मूल्याला) निश्चित जागा द्यावी, कारण प्रोसेसरच्या साध्या तुलनेत ते कशाहूनही लहान, मोठे वा समान ठरत नाही आणि त्यामुळे हीपचा क्रम निमूटपणे बिघडतो. मजकुराच्या स्तंभात कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारी नियमावली) एकच असले तरी पुरत नाही, त्याची आवृत्तीही जुळावी लागते. २०१८ मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीने अनेक भाषांचे वर्णक्रम बदलले, तेव्हा जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या तुलनेच्या दृष्टीने क्रमबद्ध राहिले नव्हते. अशा वेळी गुंफणारा ऑपरेटर कोणतीही तक्रार न करता चुकीच्या क्रमाने ओळी देत राहतो.

हीप की पराभूतांचे झाड, हा प्रश्न त्यानंतरचा. १६ प्रवाह असतील तर दर ओळीला सगळे प्रवाह चाळल्यास १५ तुलना होतात. हीपमध्ये शिखर खाली सरकवताना प्रत्येक पातळीवर दोन, म्हणजे अधिकाधिक ८. आणि ज्या झाडात प्रत्येक गाठीवर हरलेला स्पर्धक नोंदलेला असतो, त्यात नेमक्या ४. दहा लाख ओळींना हा फरक दीड कोटी, ८० लाख आणि ४० लाख असा पडतो. कागदावर झाड जिंकते. तरीही सुरुवात हीपने करावी असे माझे मत आहे. प्रत्यक्षातील माहिती पुष्कळदा झुपक्यांनी येते, एकाच प्रवाहातील लागोपाठ अनेक ओळी सर्वांत लहान असतात, आणि तेव्हा हीप दोन तुलनांतच थांबते, तर झाडाला प्रत्येक वेळी पूर्ण उंची चढावी लागते. तुलना महाग असेल, म्हणजे लांब मजकूर किंवा अनेक स्तंभ असतील, तर पहिल्या स्तंभाच्या सुरुवातीच्या आठ बाइटांची क्रम राखणारी संक्षिप्त किल्ली (तुलनेसाठीचे मूल्य) स्लॉटजवळ ठेवावी आणि ती बरोबरीत सुटली तरच पूर्ण तुलना करावी. यातून होणारी बचत रचना बदलण्यापेक्षा बहुधा मोठी असते.

प्रवाह डिस्कवरील तुकडे असतील, तर प्रत्येकाला वाचनासाठी स्वतंत्र बफर लागतो. १,००० तुकडे आणि ६४ केबींचा बफर धरला तर ६२.५ एमबी नुसत्या बफरांतच जातात. एका वेळी ३२ तुकडे जोडले तर दोन फेऱ्यांत काम होते, १० जोडले तर तीन लागतात. उपलब्ध मेमरीत फेऱ्या जितक्या कमी करता येतील तितके तुकडे एकदम घ्यावेत. मात्र बफर फार लहान करू नये, कारण मग डिस्कवरील वाचन विखुरते.

लिमिटची मर्यादा खालपर्यंत कळवावी. लिमिट १० असेल आणि एखादा उपप्रवाह स्वतः क्रमवारी लावून ओळी देत असेल, तर त्याला पहिल्या १० ओळींपलीकडे काही जपण्याची गरज नसते. पहिली ओळ देण्यापूर्वी प्रत्येक प्रवाहाची एक ओळ वाचावीच लागते, ही किंमत मात्र टळत नाही: ५०० पार्टिशन असतील आणि एकही रिकामे नसेल, तर १० ओळींसाठी ५०९ ओळी ओढल्या जातात. युनियनसाठी (अनेक निकाल एकत्र करताना) दुहेरी ओळी गाळायच्या असतील तर मागच्या ओळीशी तुलना करावी, पण ती मागची ओळ प्रत करून ठेवलेली असावी, आणि दोन नल समान धरावेत. ऑपरेटर पुन्हा पहिल्यापासून चालवला जाईल तेव्हा हीप रिकामी करून ‘पहिली हाक’ ही खूण परत लावावी.

समांतर अंमलबजावणीत अनेक उत्पादक (ओळी देणारे) आणि एकच ग्राहक (ओळी घेणारा) असेल तर विशेष अडचण येत नाही. अनेक उत्पादक आपल्या ओळी अनेक गुंफणाऱ्या ग्राहकांत वाटत असतील, तर मर्यादित लांबीच्या रांगा कोंडी करू शकतात: पहिला ग्राहक दुसऱ्या उत्पादकाच्या ओळीची वाट पाहतो, तो उत्पादक दुसऱ्या ग्राहकाची रांग भरल्यामुळे थांबलेला असतो, दुसरा ग्राहक पहिल्या उत्पादकाकडे पाहत असतो, आणि पहिला उत्पादक पहिल्या ग्राहकाच्या भरलेल्या रांगेपाशी अडलेला असतो. यावर दोन उपाय आहेत. भरलेली रांग डिस्कवर सांडू द्यावी, किंवा उत्पादकाने अडण्यापूर्वी इतर ग्राहकांना ‘या किल्लीच्या आधीची ओळ माझ्याकडून आता येणार नाही’ अशी खूण पाठवावी, म्हणजे त्यांना त्या किल्लीपर्यंतच्या ओळी मोकळ्या करता येतात.

चाचण्यांमध्ये एकही प्रवाह नसणे, एकच असणे, सर्व रिकामे असणे, सर्व किल्ल्या समान असणे, सर्व नल असणे आणि लिमिट शून्य असणे ही प्रकरणे घ्यावीत. याखेरीज डीबग बिल्डमध्ये (दोष शोधण्यासाठी बांधलेल्या आवृत्तीत) प्रत्येक प्रवाहाची नवी ओळ त्याच प्रवाहाच्या मागच्या ओळीपेक्षा क्रमाने आधीची नाही ना, हे तपासावे. त्यासाठी दर ओळीला एक जादा तुलना आणि किल्लीची एक प्रत लागते. तपास फसला तर त्रुटीच्या संदेशात प्रवाहाचा क्रमांक, दोन्ही किल्ल्या आणि वापरलेले कोलेशन छापावे, म्हणजे दोष गुंफणीत आहे की खालच्या इंडेक्समध्ये, हे संदेशावरूनच कळते.