शाळा उघडण्याआधी हजेरीची तयारी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जून संपता संपता. वह्या-पुस्तकांसाठी नागपुरात महाल-सीताबर्डीला चक्कर होतेच. त्याच दिवसांत हजेरीचीही तयारी करून टाका.

आधी शाळेत नोंदवलेला मोबाईल नंबर तपासा. गैरहजेरीचा मेसेज त्याच नंबरवर येतो, आणि कित्येक घरी तो कधीचाच बंद पडलेला असतो. आई-बाबा दोघांचेही नंबर द्या. व्हॅन आली नाही तर पोराला कोण सोडणार, हेही आत्ताच ठरवा.

मग कॅलेंडर घ्या. शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीवरून पोळा, तान्हा पोळा, दिवाळी अशा खुणा करा आणि गावाकडच्या फेऱ्या त्यातच बसवा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. दहावी-बारावीला राज्य मंडळाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, सीबीएसईतही तेवढीच. म्हणजे शाळा २०० दिवस भरली तर १५० दिवस वर्गात असायलाच हवं. उरलेले ५० दिवस पुष्कळ वाटतात. पण पावसाळ्यात डेंग्यू झाला, मग घरात दोन लग्नं निघाली, की ते कसे संपले कळत नाही. नीट-जेईईच्या क्लासमधली हजेरी यात धरत नाहीत, हे अकरावी-बारावीच्या पालकांनी आधीच समजून घ्यावं.

आजारपणाचे कागद एका फाईलमध्ये ठेवा. अर्ज पोरगा शाळेत परतेल त्याच दिवशी द्या: नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण, पालकाची सही. आजार लांबला तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि अर्जाची एक प्रत पोचेच्या सहीसह घरी ठेवा. परीक्षेचा फॉर्म भरताना हेच कागद कामी येतात, तेव्हा जुनी सर्टिफिकेटं शोधत फिरायला वेळ नसतो. दर महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकांकडून हजेरीचा आकडा डायरीत लिहून घ्या.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती दांडीसाठी. पोरगा डबा घेऊन निघतो, पण शाळेत पोचत नाही. डबा तसाच परत येणं, दर सोमवारी पोट दुखणं, एकाच विषयाची वही कोरी राहणं, यावर लक्ष असू द्या. कळलं की त्याच रात्री आरडाओरडा करू नका. "काहून नाही गेला रे?" एवढं शांतपणे विचारा आणि त्याला बोलू द्या. बहुतेक वेळा गणिताची भीती, व्हॅनमधली दादागिरी, न भरलेली फी किंवा वर्गातला अपमान, असं काहीतरी निघतं. शाळेत मारणं किंवा मानसिक त्रास देणं कायद्याने मना आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना भेटायला कचरू नका. जाताना तारखांची नोंद सोबत न्या.

आणि मुलांनो, एखादा दिवस शाळेत जावंसंच वाटत नसेल तर सकाळीच घरी सांगा. घरी सांगता येत नसेल तर आवडत्या बाईंना किंवा सरांना सांगा. तेही जमत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, फोन मोफत लागतो.