पाझर-चरांवरची हरळी

खान्देशच्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं. म्हणून सेप्टिक टँकच्या पाझर-चरांवर, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या पाइपांच्या चरांवर, हरळीच लावा, झाडं नकोत. कडुनिंब-पिंपळाची मुळं पाइपात घुसतात. गवत 2 इंचांखाली कापू नका. युरियाची गरज नाही, नत्र खालूनच मिळतं. मेथी-कोथिंबीर मात्र इथे अजिबात लावू नका, सांडपाण्यातले जंतू पानांवर येऊ शकतात.

एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात. त्या पोयट्याने बुजवा, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी थेट चरात उतरतं. गच्चीचं पाणीही दुसरीकडे वळवा. पावसाळ्यात वर ट्रॅक्टर नेऊ नका. ओली माती दबली की मुरणं थांबतं.

ऐन उन्हाळ्यात एकच पट्टा गर्द हिरवा दिसून पायाखाली चिकचिकत असेल, तर चर तुंबतोय. तिथे पाणी देणं बंद करून आधी टाकी उपसून घ्या.