पॅनेलवर थेट चालणारी ई-सायकल: या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बॅटरी न लावता थेट पॅनेलवर चालवलेली सौर सायकल भर दुपारी सगळ्यात जोरात पळेल असे वाटते. बहुतेक जोडण्या नेमक्या तेव्हाच फसतात. पॅनेलला ऊन हवे असते, पण ताप सोसत नाही.

१०० वॅटच्या नेहमीच्या ‘१२ व्होल्ट’ पॅनेलच्या मागे तीन आकडे छापलेले असतात: भार नसताना साधारण २२ व्होल्ट, कामाचे १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर. हे आकडे सेल २५ अंशांवर असतानाचे. मेच्या दुपारी सेल ६५ अंशांवर जातात आणि १८ चे जेमतेम १५ उरतात. दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते) लावून ३६ व्होल्टचा कंट्रोलर (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारा भाग) चालवला, तर डिसेंबरच्या सकाळी ३६ व्होल्ट मिळतात आणि मेमध्ये ३०. हा कंट्रोलर साधारण ३०-३१ व्होल्टलाच बंद होतो. म्हणून ऊन रणरणत असते आणि सायकल जागची हलत नाही.

मग तिसरे पॅनेल जोडले जाते. ही चूक महागात पडते. तीन पॅनेलचे भार नसतानाचे व्होल्टेज ६६ होते, थंडीत त्याहून जास्त. कंट्रोलर उघडून आतला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) पाहा: त्यावर ५० किंवा ६३ व्होल्ट लिहिलेले असते. थ्रॉटल (वेगाची मूठ) सोडला की भार जातो, व्होल्टेज उसळते आणि कपॅसिटर फुटतो.

सायकल आचके देत असेल तर मोटरला दोष देऊ नका. वेग घेताना किंवा पुलाचा चढ चढताना २५० वॅटची मोटर क्षणभर १४-१५ अँपिअर मागते. बॅटरी ते देते, पॅनेल साडेपाचच्या पुढे जाऊच शकत नाही. व्होल्टेज कोसळते, कंट्रोलर मोटर सोडतो, व्होल्टेज परत चढते, मोटर पुन्हा ओढते. कपॅसिटर वाढवून हे थांबत नाही, कारण त्यातला साठा काही क्षणांचाच असतो.

मध्ये लहान बॅटरी घालावीच लागते: ३६ व्होल्ट, ७ ते १० अँपिअर-तासांचा बीएमएस (सेलची राखण करणारे सर्किट) असलेला लिथियम पॅक. पॅनेल आणि पॅक यांच्यामध्ये व्होल्टेज वाढवणारा, म्हणजे बूस्ट जातीचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर) लावा. पॅक जोडण्याआधी त्याचे आउटपुट मल्टिमीटरने ४२.० व्होल्टवर बसवा. लेड-ॲसिडचे सेटिंग तसेच राहिले तर व्होल्टेज त्याच्या वर जाते आणि पॅकचे नुकसान होते. आडव्या ठेवलेल्या १०० वॅटच्या पॅनेलमधून स्वच्छ दिवसात साधारण ३५० वॅट-तास मिळतात. किलोमीटरला १०-१२ वॅट-तास धरले तर शहरातून अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत जाऊन येण्याला ते पुरून उरतात.

बूस्ट वापरताना पॅनेल सिरीजमध्ये जोडू नका, पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडा. दोन पॅनेलचे ४४ व्होल्ट पॅकपेक्षा जास्त झाले की करंट बूस्टमधून सरळ आरपार जातो. व्होल्टेज ४२ वर थांबवण्याची सोय बूस्टमध्ये नसते. हा दोष वरून दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

पॅक पॅनेलच्या पाठीला चिकटवू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि उन्हात उभ्या सायकलच्या पेटीत हा आकडा सहज गाठला जातो. पेटी खाली फ्रेममध्ये घ्या. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळीच उरका.

मागच्या कॅरिअरवरच्या पॅनेलवर स्वाराचीच सावली पडते. अर्ध्या पॅनेलवर सावली आली की बायपास डायोडमुळे (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारा भाग) व्होल्टेज निम्म्यावर येते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर, टोकापासून वीतभर अंतराच्या आत, २० अँपिअरचा डीसी फ्यूज घाला. एमपीपीटीला जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. पॅनेलचा कनेक्टर चालू भारात ओढू नका, ठिणगी पडून तो जळतो. धूळ सकाळीच धुवा, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकू शकते.

एवढे करूनही सायकल अडली तर मागचे चाक उचलून धरा, मल्टिमीटर कंट्रोलरच्या इनपुटला लावा आणि थ्रॉटल हळूहळू द्या. चाक मोकळे असतानाच आकडा दोन-तीन व्होल्टने पडला तर आधी कनेक्टर आणि वायरची जाडी तपासा. आकडा जागचा हलला नाही आणि मोटरही फिरली नाही, तर ब्रेकचा कटऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा) अडकला आहे का ते पाहा.