शिकेकाईने केस धुताना भुकटी अडकते? गाळून वापरा

शिकेकाईची पूड थेट डोक्याला लावली की तिचा चुरा केसांत अडकतो आणि केस वाळल्यावर खांद्यावर कोंड्यासारखा पडत राहतो. कितीही पाणी ओता, तो पूर्ण निघत नाही. म्हणून पूड लावायचीच नाही, तिचं पाणी लावायचं.

१. ८-१० रिठे फोडून बिया काढून टाका. टरफलं आणि ४-५ शिकेकाईच्या शेंगा ३ कप पाण्यात रात्रभर भिजवा.
२. सकाळी मंद आचेवर १०-१५ मिनिटं उकळा. भांडं मोठं घ्या, रिठ्याचा फेस भसकन वर येतो.
३. कोमट झालं की हाताने चांगलं कुस्करा. टरफलं बुळबुळीत होऊन पाणी तपकिरी, दाटसर झालं पाहिजे.
४. जुन्या सुती कापडातून पिळून गाळा. गाळणीने भागवू नका, बारीक चुरा तिच्यातून खाली येतोच.

केस आधी पूर्ण ओले करा. हे पाणी लांब तोंडाच्या बाटलीत भरून भांग पाडत मुळांशी सोडा, बोटांनी चोळा, २-३ मिनिटांनी धुवा. फेस शाम्पूएवढा होणार नाही, पण मळ निघतो. भरपूर तेल लावलं असेल तर दोनदा धुवावं लागेल.

डोळे मात्र घट्ट मिटा आणि डोकं मागे झुकवूनच धुवा. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं. गेलंच तर लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवा. लहान मुलांचे केस धुताना तर विशेष जपा.

उरलेलं पाणी फ्रीजमध्ये ३-४ दिवस टिकतं. आंबूस वास आला की फेकून द्या.