गोल्फ स्विंगमध्ये या चुका टाळा, पहिली म्हणजे घाई

बेळगावात गोल्फला येणारी बहुतेक पोरं टेनिस बॉल क्रिकेट खेळून आलेली असतात, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सिक्स मारलेले हात, त्यामुळं पहिल्याच दिवशी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (काठी), पाहिजे आणि बॉल लांब गेला पाहिजे. तिथंच सगळं बिघडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून खाली यायची घाई. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागं वर नेणं, पुरा व्हायच्या आधीच उजवा खांदा पुढं ढकलतात, मग क्लब बाहेरून आत येतो, फेस, म्हणजे बॉलला लागणारी क्लबची बाजू, उघडा (उजवीकडं वळलेला) राहतो आणि बॉल उजवीकडं वळत वळत झाडीत. हाच तो स्लाइस. प्रो खेळाडूंचे स्विंग मोजले तर वर जायला साधारण पाऊण सेकंद आणि खाली बॉलपर्यंत यायला पाव सेकंद लागतो, म्हणजे तीनास एक. खाली येताना त्यांचा क्लब प्रचंड वेगात असतो, पण वर जाताना कसली गडबड नसते.

टिळकवाडीतला एक पोरगा होता, अंगानं दणकट, स्लाइस जाईना म्हणून त्यानं वर्षात दोन ड्रायव्हर बदलले. मी विचारायचो, "अरे एवढ्या जोरात कशाला मारायलास?" तर म्हणायचा, "जोर लावला नाही तर जाईल कसा काका?" मग 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या आला, आजूबाजूच्या शाळा बंद, शोधायला हत्ती आणले, तिकडं फिरकायची सोयच राहिली नाही. त्याला सांगितलं, गच्चीवर पत्र्याखाली सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) घेऊन उभा राहा, बॉल नको, दोन्ही पाय जुळव, अर्धाच स्विंग कर, वर जाताना मनात सावकाश "वि-ठो-बा" आणि खाली येताना "चल". पाय जुळलेले असले की जास्त जोर लावल्यावर तोलच जातो, त्यामुळं शरीर आपोआप लयीत येतं. परत खेळायला आला तेव्हा बॉल सरळ जायला लागला. सुरुवातीला अंतर कमी पडलं म्हणून कुरकुर केली, नंतर तेही वाढलं, कारण बॉल फेसच्या मधोमध लागायला लागला. मी आजही नवीन माणसाला आधी हेच करायला लावतो, कंटाळा आला तरी.

दुसरी चूक ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत. बॅटसारखा क्लब तळहातात आवळून धरतात. डाव्या हाताच्या बोटांत धरा, खाली बघितल्यावर त्या हाताच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत. एकच गाठ दिसत असेल तर फेस उघडा राहणार, मग स्विंग कितीही सुधारा. घट्ट आवळलं की मनगट अडकतं. ओव्हरलॅप (उजवी करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची) का इंटरलॉक (ती डाव्या तर्जनीत अडकवायची) यावर वाद घालत बसू नका, जॅक निकलस आणि टायगर वूड्स हे दिग्गज गोल्फर दोघंही इंटरलॉकवालेच, पण ओव्हरलॅपनं जिंकणारेही कितीतरी आहेत, हाताला बसेल ते घ्या.

"डोकं खाली ठेव" हा सल्ला देणं आता थांबवा की. डोकं दाबून ठेवलं की खांदे फिरत नाहीत, बॉल गेल्यावर डोकं खांद्याबरोबर वर येऊ दे.

बॉलची जागा: ड्रायव्हरला डाव्या टाचेसमोर, शॉर्ट आयर्नला (जवळच्या अंतराच्या लोखंडी क्लबला) दोन्ही पायांच्या मधोमध. आणि नेम धरताना एक क्लब पायासमोर जमिनीवर ठेवून बघा, पाय भलतीकडंच बघत असतात.

रील बघून रोज नवीन स्विंग करणाऱ्यांना काय सांगायचं, एकच गोष्ट महिनाभर धरून बसायची तयारी नसते. लांब मारण्याचंच वेड असेल तर आपल्या बेंगळुरूची गोल्फर अदिती अशोक बघा, टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, पदक एका स्ट्रोकनं हुकलं, आणि लांब मारणाऱ्यांत ती नव्हतीच.

शेवटचं, आपल्याकडच्या पावसात क्लबची ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, ओली होते आणि क्लब निसटेल या भीतीनं हात आपोआप आवळतो. बॅगेत कोरडा टॉवेल ठेवा, ग्रिप अधूनमधून साबणाच्या पाण्यानं धुवा, गुळगुळीत झाली असेल तर बदलून घ्या, नवीन ड्रायव्हरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.