गाइडशिवाय हेरिटेज वॉक: जुनं बाजारगाव पायी कसं बघावं

रस्ता आदल्या दिवशीच ठरवा. दोन-अडीच किलोमीटर पुरेत. नुसतं चाललं तर एवढं अंतर अर्ध्या-पाऊण तासात संपतं, पण थांबत, वर बघत, बोळात डोकावत गेलं की तीन तास सहज जातात. थांबे आठ-दहाच ठेवा. वीस ठेवले की शेवटचे दहा कुणी धड बघत नाही.

नकाशे दोन हवेत, आजचा आणि मिळेल तितका जुना. जुना बहुधा ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात सापडतो. दोन्ही शेजारी ठेवून आधी बाजारचौक शोधा. पुष्कळ गावांत मूळ चौक आजच्यापेक्षा बराच मोठा असतो. उघड्यावर पालं लागायची, त्यांच्या जागी हळूहळू पक्की दुकानं उभी राहिली आणि चौकाच्या मधोमध घरांची ओळ तयार झाली. दोन्ही अंगांना अरुंद रस्ते आणि मागे परसाला जागाच नाही, अशी ओळ दिसली तर ती चौकावर चढलेली असण्याची शक्यता दाट. चौकाभोवतीची जुनी घरं मात्र दर्शनी बाजूला अरुंद आणि मागे लांबलचक असतात, कारण बाजाराकडे तोंड असलेली जागा सगळ्यांत मोलाची. म्हणून फेरी चौकातून सुरू करा आणि माल ज्या वाटेने यायचा तिकडे, म्हणजे वेशीकडे, नदीकडे किंवा गोदामांकडे वळा.

चालताना तळमजल्यात अडकू नका. दुकानाचं तोंड सारखं बदलतं, वरचे मजले त्या मानाने कमी. रस्ता ओलांडून समोरून बघा. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांना माथ्याशी पुढे आलेली तुळई असते, तिला दोर लावून माल वर ओढत. अशी तुळई आणि तिच्याखाली एकावर एक दारं दिसली, तर वर साठवण होती हे नक्की धरा. कमानीच्या पायाशी रोवलेले दगडही बघा. गाडीच्या चाकाने भिंत खरवडू नये म्हणून ते बसवलेले असतात.

बुजवलेल्या खिडक्यांबाबत घाई नको. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बंद केल्या, हे खरं. पण कित्येक खिडक्या दर्शनी भाग दोन्हीकडून सारखा दिसावा म्हणून बांधतानाच आंधळ्या ठेवलेल्या असतात. जवळ जाऊन कडा तपासा. आतल्या विटा बाजूच्या विटांत गुंफलेल्या असतील तर खिडकी बहुधा मुळापासूनच आंधळी. मध्ये सलग उभा सांधा आणि विटेचा रंग वेगळा असेल तर नंतर बुजवलेली.

दारावर कोरलेलं साल म्हणजे घराचं वय, असं लगेच समजू नये. ते दुरुस्तीचं असू शकतं, किंवा दगडच दुसरीकडून आणलेला. झिजलेली अक्षरं वाचायला टॉर्च भिंतीलगत तिरका धरा. समोरून फ्लॅश मारला की सावल्या जातात आणि अक्षरं सपाट होतात. खडू किंवा पीठ अजिबात चोळू नका, दगडाला इजा होते.

इमारतींसाठी दुकानं उघडण्याआधीची वेळ उत्तम. बाजाराच्या दिवशी पालांमुळे फरसबंदी आणि ओटे झाकले जातात, तरी एक फेरी त्या दिवशीही करा: एरवी बंद असणारी फाटकं तेव्हा उघडी मिळतात. मागच्या अंगणात कुणी राहत असेल तर विचारूनच आत पाऊल टाका.